पंचाचा हात

"आज चूक कबूल करा. नाहीतर व्यासपीठावरून खाली उतरलात की माझा हात मिळायचा नाही," चर्चमागच्या खोलीत पंच मारीनुसनं पाळकसाहेबांना रोखठोक सांगितलं.

प्रवचन संपलं की मंडळीच्या पंचानं पाळकाचा हात हातात घ्यायचा, ही हॉलंडच्या झीलंड प्रांतातल्या त्या गावाची रीत. हात नाकारला म्हणजे शिकवण नामंजूर. मग पाळकानं बाडबिस्तरा गुंडाळायचा.

पाळकांचा अपराधही लहान नव्हता. महिन्यापूर्वी विधवा याकोमिनाच्या घरी भेटीला मारीनुसच गेला होता. नवऱ्याच्या औषधांच्या बाटल्या अजून खिडकीत तशाच होत्या. देवावरचा विश्वास उडाला, असं ती खालमानेनं पुटपुटली. ते त्यानं पंचांच्या बैठकीत खासगीत सांगितलं. पाळकांनी मात्र बाईला एका शब्दानं न विचारता भर चर्चमध्ये तिचं नाव घेतलं नि तिला प्रभुभोजनाची, म्हणजे पवित्र भाकर-द्राक्षारसाची, बंदी केली. तेव्हापासून बिचारी शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसे. मारीनुसला तिची मनापासून दया येई.

"कबूल करतो," पाळक म्हणाले. "पण मारीनुसभाऊ, एकदा तुम्हीही तपासून घ्या."

"जपून तुम्ही घ्या! मला काय धाड भरलीय?"

मारीनुसनं घड्याळ पाहिलं नि दार उघडलं.

पहिल्या बाकावर बसून त्यानं पेपरमिंट तोंडात टाकलं. व्यासपीठावर पाळक नम्रतेवर तावातावानं बोलत होते, स्वतःबद्दल मात्र अवाक्षर नाही. दुसरं पेपरमिंटही विरघळलं. मारीनुसनं तिसरं काढलं. पंधरा वर्षांत त्यानं कुणाचा हात नाकारला नव्हता.

अखेर पाळकांनी हात जोडले, मान खाली घातली. मारीनुसनंही प्रार्थनेला डोळे मिटले. उघडले तेव्हा बायका रुमालानं नाकं पुसत होत्या. नोव्हेंबरात निम्म्या गावाला सर्दी असते.

संपलं सगळं! शेवटपर्यंत कबुली नाहीच.

पाळक खाली उतरले. त्यांनी हात पुढे केला. मारीनुसनं आपले हात पाठीमागे बांधले.

सगळं चर्च उभं राहिलं. शेवटच्या बाकावरून याकोमिना तरातरा पुढे आली. आभार मानायला येतेय, असं वाटून मारीनुस जरा वाकला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली,

"अहो, हात द्या त्यांना! आत्ताच प्रार्थनेत रडत माफी मागितली त्यांनी माझी. तुमची चूकसुद्धा पोटात घातली. दवेवरचा विश्वास उडाला म्हणाले होते मी, देवावरचा नव्हे!"