भिंतीपलीकडचा मराठी माणूस

परक्या शहरात आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या कानावर मराठी पडलं. भिंतीपलीकडे कुणाला तरी बदडत होते आणि तो "आई गं!" म्हणत होता. मला भरून आलं.

दुसऱ्या सकाळी मी दात घासत असताना त्याचं काहीतरी मोडल्याचा आवाज आला. "मारून टाका," तो ओरडला, "पण तो कुठे राहतो ते सांगणार नाही!"

मी घरमालकिणीला विचारलं. ती म्हणाली, त्या भिंतीपलीकडे खोलीच नाही. हा चौथा मजला, पुढे नुसती हवा.

आईला फोनवर सगळं सांगितलं. "हवेत का राहीना, आपला माणूस आहे ना?" आई म्हणाली. "ओळख करून घे बाबा. तिथे तुझं आहे कोण?"

तेही खरंच. पाचव्या दिवशी धपाधप सुरू झाल्यावर मी भिंतीला तोंड लावून हाक मारली, "काका, गाव कुठलं तुमचं?"

मार एकदम थांबला.

"अरे गाढवा," पलीकडून रडवेला आवाज आला, "तीन दिवस तुझ्यापायी हाडं मोडून घेतली रे मी!"

मग आमच्या मधल्या भिंतीवर पहिला घाव बसला.