दुखलं की येतीलच

"उपचार सिद्ध झालेला आहे म्हणता, मग संशोधनाला पैसे कशाला?" निधी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, आणि डॉक्टरबाईंनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"दवाखान्यात सिद्ध झालाय, सर. वस्तीपर्यंत पोचत नाही. घरोघरी जाऊन मधुमेहींचे पाय तपासायला तिथल्याच बायकांना शिकवलं, तर काय फरक पडतो, ते आधी दोन-चार गल्ल्यांत करून बघायचंय."

"अहो, घरोघरी कशाला? दुखलं की माणूस येतोच आपणहून."

"दुखतच नाही, सर, तीच तर पंचाईत आहे. साखरेनं पाय बधिर होतो. खिळा घुसला तरी कळत नाही."

"न दुखणाऱ्या पायाचं एवढं रडगाणं!" अध्यक्ष हसले, म्हणून बाकीचेही हसले. "चहा घेऊन येतो, मग ठरवू."

ते उठून दाराकडे निघाले. डॉक्टरबाईंचा जीव टांगणीला लागला. वर्षभराची मेहनत हे लोक आता चहाबरोबर पिऊन टाकणार! मान खाली घालून त्या कागद आवरू लागल्या, तेव्हा टेबलाखाली चप्पल दिसली. एकच. त्यांनी दचकून वर पाहिलं. अध्यक्ष गार फरशीवरून झपझप चालले होते. एक पाऊल वाजत होतं, दुसरं नाही.

आता धाकधूक निधीची राहिली नव्हती.

"सर, तुमची चप्पल इथेच राहिली."

अध्यक्षांनी पायांकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझी नसेल हो. माझ्या पायात आहेत की दोन्ही."