खुणेचं वाक्य

वायरीचा चिमटा चिपवर नीट बसला तेव्हा कुठे ताईने श्वास सोडला. धाकट्या भावाचा संगणक तिच्या दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर उघडा पडला होता. मदरबोर्डवरची ही नखाएवढी चिप पुसून नव्याने लिहायची, मग डिस्क पुसायची, की सगळा कोरा. भावजयीला तेच हवं होतं. लेकीला अभ्यासाला होईल, म्हणाली. भाऊ गेल्या महिन्यात रस्त्यावरच्या अपघातात गेला होता.

पुसण्याआधी एकदा चालू करून बघता आलं असतं. ताईने मुद्दामच टाळलं. विषाची परीक्षा कशाला घ्यायची?

हा संगणक तिनेच बांधून दिला होता. भाऊ कामगारांचे खटले लढवायचा. अशिलांचे कागद कुणीतरी त्याच्या जुन्या संगणकातून चोरले, तेव्हा त्याने बायकोला ताईकडे पाठवलं. स्वतः आला नाही. आई गेल्यापासून त्याने ताईशी बोलणं टाकलं होतं. ऑपरेशन करायचं की थांबायचं, हे डॉक्टरांनी घरच्यांवर सोडलं होतं. भाऊ थांबू म्हणत होता. ताईने सही केली. आई पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. दवाखान्याच्या जिन्यात भाऊ एवढंच म्हणाला होता,

"सही तू केलीस."

पुढे काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. तेव्हापासून त्याच्या तोंडाला कुलूप होतं. ताईही कधी त्याच्या दारी गेली नाही, कारण त्याचं खरंच असेल असं तिला रोज वाटायचं.

संगणक मात्र तिने जीव ओतून केला. त्या चिपमधलं मूळचं बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारा प्रोग्राम, काढलं आणि ज्याची ओळ न् ओळ कुणालाही वाचून तपासता येते असं चढवलं. त्यावर अशी प्रणाली बसवली, की प्रत्येक कामाला वेगळी खोली. एकीत चोर शिरला तरी दुसरीचं दार बंदच. आणि शेवटी खुणेचं वाक्य. संगणक चालू झाला, की मालकाने लिहून ठेवलेलं वाक्य तो आधी दाखवणार. ते दिसलं, तर चिपला कुणी हात लावलेला नाही, खुशाल पासवर्ड टाकावा. चिपमध्ये काडीचाही बदल झाला, तर ते दिसणार नाही. ताईने भावजयीबरोबर निरोप धाडला होता.

"त्याला म्हणावं, गाण्याची ओळ नको, लेकीचं नाव नको. जे खरं आहे आणि तू कुणालाच कधी सांगितलेलं नाहीस, ते लिही."

यंत्राच्या बाबतीत तो ताईचा शब्द खाली पडू देत नसे. लहानपणी सायकलची साखळी बसवल्यावर ती हो म्हणेपर्यंत पेडलही मारायचा नाही. त्याने निरोप तंतोतंत पाळला असणार. आणि काय लिहिलं असणार, हेही तिला न बघता ठाऊक होतं. जिन्यात अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं केलं असणार.

चिप लिहून झाली. ताईने संगणक चालू केला. वाक्याची जागा रिकामी होती. खाली अक्षरं आली, खूण जुळत नाही.

"इथे रोज एक ओळ यायची," शेजारी बसलेली भावजय म्हणाली.

काय असायची ती, हे तिलाही माहीत नव्हतं. ते हाताने झाकून घ्यायचे, म्हणाली. एकदा मी डोकावले तर हसून म्हणाले, कुणाला दाखवायची नाही, ताईचा हुकूम आहे. वाचून झाली की कितीतरी वेळ नुसते बसून राहायचे. तिला वाटायचं, कोर्टाचंच काहीतरी असेल.

भावाचं जे बोलायचं राहिलं होतं, ते तिने न ऐकताच पुसलं होतं. दोष दिला असला तरी तो त्याने दिलेला होता. तेवढंही आता उरलं नव्हतं.

दुकानाची एक रीत होती. चिप पुसण्याआधी तिच्यातल्या जुन्या मजकुराची नक्कल दोनदा काढायची, दोन्ही ताडून बघायच्या आणि मगच पुसायचं. आज तिने एकदाच काढली होती. मनात नव्हतं, हाताच्या सवयीने काढली होती. डिस्क अजून पुसलेली नव्हती, म्हणून ती नक्कल अचूक असली, तर वाक्य परत येणार होतं. एका अक्षराचाही फरक असला तर कायमचं गेलं.

तिने पुन्हा चिमटा लावला आणि जुनी नक्कल चिपवर चढवायला घेतली.

"ताई, पासवर्ड मला माहीत नाही हो," भावजय म्हणाली.

पासवर्ड लागत नाही, ओळ त्याच्या आधीच येते, असं ताईने तिला सांगितलं.

तिने बटण दाबलं. पंखा फिरू लागला. पडदा बराच वेळ काळाच राहिला. भावजयीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग वरच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटली.

आईच्या वेळी ताईचं काही चुकलं नव्हतं.