पाचरीचं पाणी

"घागर टेकवू नकोस, पाचरी सुकतील!" खाणीवरचा नाईक माझ्यावर ओरडला.

सासऱ्यांनी कातळात ओळीनं भोकं पाडून लाकडाच्या पाचरी ठोकल्या होत्या. लाकूड भिजून फुगलं की कातळ सरळ फाटतो. मध्येच सुकलं तर शिळा वाया. म्हणून त्या दुष्काळात पाणी आधी पाचरींना, उरलं तर माणसांना. देवळाच्या उंबऱ्याची शिळा आहे, असं नाईक सांगायचा.

भर दुपारी सासरे कातळाला टेकून बसले ते उठेनात. मी घागर त्यांच्या तोंडाशी नेली. "मामंजी, दोन घोट घ्या."

त्यांनी ती हातानं बाजूला सारली. "पाचरीला घाल, पोरी. देवाचा उंबरा वाकडा नको."

मी घातलं. पुन्हा घागर भरून आणेपर्यंत कातळ फाटल्याचा आवाज घुमला. शिळा सूत धरल्यासारखी सरळ निघाली होती. नाईक नाचत होता. सासरे गेले होते.

हत्तींनी शिळा ओढत नेली, देवळावरून पुढे, थेट राजाच्या गजशाळेत. तिथं तिची हत्तींना पाणी पाजायची डोणी कोरली. ती भरायला आता मीच घागरी वाहते. पोट भरलं की हत्ती उरलेलं पाणी अंगावर उडवतात.