ओवाळणीतला दुसरा भाग

भाऊबिजेची ओवाळणी म्हणून धाकट्या भावाने जर्मनीहून त्यांच्या जुन्या मारामारीच्या गेमचा दुसरा भाग पाठवला. दुपारचं जेवण उरकून रेवती एकटीच खेळायला बसली.

लहानपणी पहिला भाग दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळला होता. त्यात दोन योद्धे असत, आणि मागचा आल्याशिवाय पडदा पुढे सरकतच नसे. धाकटा नेहमी रेंगाळायचा, शत्रू सोडून झाडंच तोडत बसायचा. "ये ना रे मेल्या, अडलंय सगळं तुझ्यापायी," म्हणत ती त्याला कोपर मारायची.

या भागात योद्धा एकच होता. नदीचं पाणी अगदी खऱ्यासारखं चमकत होतं, पडदा तिच्यासोबत मुकाट सरकत होता. तासाभरात तीन किल्ले सर झाले.

तेवढ्यात त्याचा फोन आला. "ताई, पहिल्यापेक्षा भारी आहे ना? आता कुणासाठी थांबावं लागत नाही."

"हो रे, खूपच भारी."

फोन ठेवल्यावर तिने योद्ध्याला पुलाशी नेऊन उभं केलं, त्याचं तोंड आल्या वाटेकडे वळवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.