आडवा प्रोब, उभा प्रोब

सोनोग्राफीच्या मशीनवर शीर बघून सलाइनची सुई लावायला मोठ्या सिस्टर हौसेने शिकल्या होत्या. त्या मशीनचा प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा दांडा, शिरेवर आडवा धरायच्या. नव्याने आलेली धाकटी सिस्टर मात्र तो उभा धरायची, म्हणजे सुई अख्खी दिसते म्हणायची, आणि वॉर्डभर तिचाच उदो उदो चालायचा. मोठ्या सिस्टरच्या पोटात दुखायचं ते तेव्हापासून.

आज खाटेवर त्यांची स्वतःची आई होती आणि दोनदा टोचूनही त्यांना शीर सापडली नव्हती. नाइलाजाने त्यांनी धाकटीला हाक मारली.

"आजी, जरासं टोचेल हं," म्हणत तिने आजींच्या हातावर प्रोब उभा धरला. मोठ्या सिस्टर श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिल्या. सुई पहिल्याच झटक्यात शिरेत गेली.

"छान झालं," त्या कशाबशा म्हणाल्या.

धाकटी गेल्यावर आईने लेकीचा पडलेला चेहरा न्याहाळला. "तिची सुई चुकावी असं वाटत होतं ना गं तुला?"

"काहीतरीच काय, आई!"

 

"अगं, हात माझा होता."