ओळीओळीने

“हा सेन्सर अख्खं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. पळतं माणूस त्यात तिरकं होतं. दुसरा घ्या, एका झटक्यात टिपणारा,” कॅमेरा निवडताना प्रयोगशाळेतले, भिंगं सांभाळणारे भिंगकाका तिला म्हणाले होते.

ती हसली होती. “काका, तुमच्या त्या दुसऱ्याला मंद उजेडात धड भिंत दिसत नाही. आणि हॉस्पिटलात पळणार कोण?”

आज पाळणाघर बंद होतं, म्हणून चार वर्षांची लेक तिच्याबरोबर प्रयोगशाळेत आली होती. हॉस्पिटलात चादरी वाहण्यासाठी बनवलेली स्वयंचलित गाडी व्हरांड्यात चकरा मारत होती. तिच्या वाटेत उभा केला होता कपड्यांच्या दुकानातून आणलेला लहान मुलाचा पुतळा. तो कॅमेऱ्यात आला की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटायची आणि गाडी थांबायची. दोनशे वेळा थांबली होती.

“आई, मी पण पुतळा!”

तिने पडद्यावरून मान वर केली. लेक पुतळ्याला चिकटून उभी होती, गाल फुगवून. पडद्यावर दोन हिरव्या चौकटी. गाडी थांबली.

“बाजूला हो आधी तिथून!” ती ओरडली.

आवाज चढला तशी लेक पळत सुटली, गाडीच्या पुढ्यातून आडवी.

पडद्यावर फ्रॉक ताणल्यासारखा झाला. डोकं मागे राहिलं, पाय पुढे गेले. त्या तिरक्या आकृतीवरची चौकट विझली. भिंगकाकांनी नेमका तेव्हाच पुतळा उचलून वाटेबाहेर नेला होता. वाट मोकळी समजून गाडी निघाली.

तिने गाडी थांबवायच्या लाल बटणावर अख्खा तळहात आपटला.

गाडी थांबली तेव्हा लेकीपासून वीतभर अंतर उरलं होतं. लेक खिदळत होती.

“पुतळा कधी पळाला नाही गं आपला,” भिंगकाका हळू आवाजात म्हणाले.

तिने लेकीला कडेवर घेतलं. घट्ट. “आई, टोचतंय!”

“काका, हॉस्पिटलात पहिली गाडी कधी जायचीय?”

“जायची? सकाळीच गेली की. लहान मुलांच्या वॉर्डात. एव्हाना सुरूही केली असेल.”

तिने वॉर्डात फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. भिंगकाका एव्हाना जिना उतरत होते, पण हॉस्पिटलचा रस्ता तासाभराचा.

फोन अजून कुणी उचललेला नाही. तुम्ही त्या वॉर्डाच्या जवळपास असाल, तर पटकन डोकावून या ना. नुकतंच बरं वाटू लागलेलं एखादं पोर खाटेवरून उतरून पळत तर सुटलं नाही, तेवढं बघा.